आडनाव आणि ढाल : युरोपीय कुलचिन्हांच्या वारशाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पदवी वर्गास मध्ययुगीन युरोपातील सरंजामशाही हा घटक शिकवीत असताना गोव्याहून शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याने चौकटीत बसविलेले एक चित्र वर्गात आणले होते. चित्रात एक ढाल, ढालीवर सिंह, वर शिरस्त्राण आणि खाली फितीवर ‘सौझा’ हे आडनाव होते. परदेशात स्थायिक झालेल्या त्याच्या नातेवाइकाने ते एका भेटवस्तूंच्या दुकानातून विकत घेतले होते. आडनाव सांगितले की त्या आडनावाची ढाल छापून मिळते, अशी तेथील व्यवस्था. ‘सर, हे खरोखर आमच्या घराण्याचे चिन्ह आहे का?’ असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र त्या दिवशी समाधानकारक देता आले नाही. प्रस्तुत निबंध म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

ज्यास इंग्रजीत ‘कोट ऑफ आर्म्स’ म्हणतात ते चिन्ह आडनावाचे असते, अशी समजूत आज जगभर रूढ आहे. वरवर पाहता ती निरुपद्रवी वाटते. परंतु ज्या समाजात आडनावे धर्मांतराने, सरकारी नोंदीने किंवा स्थलांतराने बदलली, त्या समाजात आडनावावरून चिन्ह व चिन्हावरून वंश ठरवू लागल्यास माणसाचा खरा पूर्वेतिहासच झाकला जातो. म्हणून या समजुतीची ऐतिहासिक तपासणी आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१. युरोपात कुलचिन्हांचा उदय कसा झाला व त्या वेळी आडनावांची स्थिती काय होती, हे पाहणे.
२. कुलचिन्हावरील हक्क कशाने सिद्ध होत असे, याचा इंग्लंडच्या विशेष संदर्भात अभ्यास करणे.
३. ‘आडनावाचे चिन्ह’ ही समजूत कोणत्या कारणांनी रूढ झाली, याचा शोध घेणे.
४. गोवा व मुंबई येथे या परंपरेचा जो प्रत्यक्ष संबंध आला, त्याचे स्वरूप तपासणे.

गृहीतक

कुलचिन्ह हे आडनावाचे नसून विशिष्ट व्यक्तीस मिळालेला व तिच्या वंशात उतरणारा हक्क आहे. आडनाव व चिन्ह या दोन स्वतंत्र संस्था असून त्यांची सांगड कायद्याने, सनदेने किंवा गैरसमजाने घातली गेली आहे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

संज्ञेचा विचार

मराठीत या चिन्हास ‘कुलचिन्ह’ म्हणण्याचा प्रघात आहे व सोयीसाठी येथेही तोच शब्द वापरला आहे. मात्र या शब्दातील ‘कुल’ या पदामुळे मराठी वाचकाच्या मनात देवकाची कल्पना जागी होते. देवक हे संपूर्ण कुळाचे असते. मोरे घराण्याशी मोराचे पीस किंवा साळुंखे घराण्याशी साळुंकीचे पीस परंपरेने जोडले जाते. देवक एक असलेल्या कुटुंबांत सोयरीक होत नाही आणि त्याचे पूजन मंगलकार्यात होते. देवकासाठी राजाची सनद लागत नाही. थोरल्या व धाकट्या भावाच्या देवकात फरकही नसतो. युरोपीय कुलचिन्हाचे तसे नाही. ते प्रथम रणांगणावरील ओळखीचे साधन होते, नंतर प्रतिष्ठेचे व पुढे जवळजवळ मालमत्तेसारखे झाले.

पूर्ण कुलचिन्हाचे अनेक भाग असतात. ढाल हा त्याचा गाभा होय. ढालीवर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर तुरा, खाली ब्रीदवाक्य आणि सन्मान मोठा असल्यास दोन्ही बाजूंस आधारक प्राणी किंवा मनुष्याकृती, अशी मांडणी असते. इंग्रजी बोलण्यात संपूर्ण चिन्हास ‘क्रेस्ट’ म्हणतात. ते चूक आहे. क्रेस्ट म्हणजे केवळ शिरस्त्राणावरील तुरा.

ढालीचा जन्म : आडनावाआधीचा वारसा

कुलचिन्हांचा उदय बाराव्या शतकात पश्चिम युरोपात झाला. चेहरा झाकणाऱ्या शिरस्त्राणामुळे योद्धा ओळखू येईनासा झाला, हे कारण बहुधा दिले जाते. त्यास आणखी दोन कारणांची जोड द्यावी लागते. पहिले म्हणजे लुटुपुटीच्या युद्धक्रीडा. या सामन्यांत प्रेक्षकांना व पंचांना स्पर्धक ओळखणे भाग असे. दुसरे कारण मोहोर. लिहितावाचता न येणारा सरदारही दस्तावर मोहोर उमटवीत असे आणि त्या मोहोरेवर ढालीचे चित्र कोरलेले असे. चिलखतावर घालावयाच्या अंगरख्यावरही तेच चित्र काढीत, म्हणून त्यास ‘कोट’ हे नाव पडले.

या संदर्भात आंजूचा सरदार जेफ्री याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने या जावयास योद्धेपदाची दीक्षा देताना सोनेरी सिंहांची ढाल दिली, असे जेफ्रीच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या एका बखरीत म्हटले आहे. जेफ्री ११५१ मध्ये मरण पावला. त्याच्या कबरीसाठी तयार केलेला मिनाकारीचा पत्रा फ्रान्समधील ल मां येथे जतन केलेला असून त्यावर निळ्या ढालीवरील सोनेरी सिंह स्पष्ट दिसतात. १२२६ मध्ये मरण पावलेला त्याचा नातू विल्यम लाँगेस्पे याच्या सॉल्झबरी येथील कबरीवरही तशीच सिंहांची ढाल कोरलेली आहे. आजोबांची ढाल नातवाकडे आल्याचे, म्हणजे चिन्ह वंशपरंपरागत झाल्याचे, हे अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की आजोबा व नातू यांचे आडनाव एक नव्हते. किंबहुना आजच्या अर्थाने त्यांना आडनावच नव्हते. ‘प्लँटॅजनेट’ हे जेफ्रीचे टोपणनाव होते. त्याच्या वंशजांपैकी यॉर्कच्या ड्यूक रिचर्डने ते कुलनाम म्हणून घेतले ते पंधराव्या शतकाच्या मध्यास. म्हणजे ढाल वारशाने उतरू लागल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान हळूहळू स्थिरावली. त्यांतील अनेक धंद्यावरून, गावावरून किंवा बापाच्या नावावरून पडली. गावोगावच्या लोहारास ‘स्मिथ’ व शिंप्यास ‘टेलर’ म्हटले गेले. साहजिकच या लोकांत रक्ताचे नाते असण्याचे कारण नव्हते. आडनाव व ढाल यांचे उगम असे वेगवेगळे आहेत.

एक ढाल, तीन आडनावे : स्क्रूप विरुद्ध ग्रोव्हनर

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चाललेल्या एका खटल्याने हा प्रश्न ऐरणीवर आला. १३८५ मध्ये राजा दुसरा रिचर्ड याने स्कॉटलंडवर स्वारी केली. त्या सैन्यात सर रिचर्ड स्क्रूप व सर रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोन सरदार एकच ढाल घेऊन आले. निळ्या पृष्ठावर सोनेरी तिरपा पट्टा, असे ते साधे पण ठसठशीत चिन्ह होते. हे चिन्ह आमचेच, असा दोघांचाही दावा होता. प्रकरण शौर्यविषयक न्यायालयापुढे गेले आणि अनेक वर्षे चालले.

शेकडो साक्षीदार तपासले गेले. राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट याने साक्ष दिली. इंग्रजी काव्याचा जनक मानला जाणारा जेफ्री चॉसर १३८६ मध्ये स्क्रूपच्या बाजूने साक्षीस उभा राहिला. साक्षीदारांना विचारले जाणारे प्रश्न बोलके आहेत. ही ढाल कोणत्या लढाईत, कोणाच्या हाती पाहिली? कोणत्या चर्चच्या खिडकीवर, कोणत्या कबरीवर पाहिली? वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले? न्यायालयाच्या दृष्टीने पुरावा होता तो वापराचा व वंशाचा. आडनाव वेगळे आहे की एक आहे, हा मुद्दाच नव्हता.

१३८९ मध्ये निकाल स्क्रूपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरने त्याच ढालीस पांढरी किनार लावून ती वापरावी, असे सुचविले गेले. परंतु किनार हे जवळच्या नातलगांतील भेद दाखविणारे चिन्ह. अपील झाल्यावर १३९० मध्ये राजाने स्वतः निर्णय दिला की अशी किनार परक्यास शोभत नाही. ग्रोव्हनरने अखेर निळ्या पृष्ठावर सोनेरी गव्हाची पेंढी, अशी नवी ढाल घेतली.

या खटल्याच्या ओघात आणखी एक गोष्ट उघड झाली. कॉर्नवॉलमधील कार्मिनो नावाचे घराणेही तीच ढाल वापरीत होते. ते आपला वारसा आर्थर राजाच्या काळापर्यंत नेत, तर स्क्रूप आपला वारसा नॉर्मन विजयापर्यंत. त्या दोघांनाही ती वापरण्याची मुभा पूर्वीच मिळालेली होती. परस्परांशी नाते नसलेली तीन आडनावे आणि ढाल मात्र एक, असे हे चित्र होते. ढालीवरून आडनाव किंवा आडनावावरून ढाल ठरविता येत नाही, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

सनद, कार्यालय आणि पाहणी

अशा वादांमुळे राजसत्तेस या क्षेत्रात लक्ष घालणे भाग पडले. १४१७ मध्ये पाचव्या हेन्रीने आज्ञा काढली की पूर्वजांकडून आलेला हक्क किंवा अधिकृत देणगी नसल्यास कोणी कुलचिन्ह धारण करू नये. आझिन्कूरच्या लढाईत आपल्यासोबत ढाल घेऊन लढलेल्यांना मात्र त्याने सूट दिली.

सामन्यांत स्पर्धकांची नावे पुकारणारे, ढाली ओळखणारे व त्यांच्या याद्या ठेवणारे हेरल्ड हे राजसेवक आता या विषयाचे अधिकारी बनले. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डने त्यांच्या संस्थेस सनद दिली. पुढच्याच वर्षी राजवट बदलल्यावर त्यांचे निवासस्थान काढून घेण्यात आले. १५५५ मध्ये मेरी व फिलिप यांनी नवी सनद व लंडनमधील नवी जागा दिली. ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ हे त्या संस्थेचे नाव असून ती आजही त्याच जागी कार्यरत आहे. १६६६ च्या महाआगीत इमारत जळाली, परंतु दफ्तर वाचले.

१५३० पासून १६८८ पर्यंत हेरल्ड परगण्यापरगण्यांतून पाहणीदौरे काढीत. ढाल वापरणाऱ्या प्रत्येकास वंशावळ व पुरावे मांडावे लागत. आपल्याकडील इनाम कमिशनने इनामदारांकडे सनदा मागितल्या, त्याची या ठिकाणी आठवण व्हावी. पुरावा पटला तर वंशावळ नोंदली जाई. न पटल्यास ती व्यक्ती प्रतिष्ठित वर्गातील नाही, अशी जाहीर दवंडी होई. स्वाभाविकच खोट्या पुराव्यांनाही ऊत आला. तेराव्या शतकातील ‘डेरिंग रोल’ ही ३२४ ढालींची चर्मपत्रावरील यादी प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात सर एडवर्ड डेरिंग याच्या हाती ती आल्यावर त्याने निकोलस दि क्रिऑल या योद्ध्याचे नाव खोडून तेथे आपल्या एका काल्पनिक पूर्वजाचे नाव घातले. २००८ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने ही यादी विकत घेतली. तेव्हा तिच्यासोबत हा खोटेपणाही राष्ट्रीय ठेवा झाला, असे म्हणता येईल.

सनदेचे स्वरूप समजण्यासाठी शेक्सपिअर घराण्याचे उदाहरण पाहू. नाटककार विल्यम शेक्सपिअरचा पिता जॉन हा स्ट्रॅटफर्डचा हातमोजे करणारा कारागीर व नगराधिकारी होता. १५९६ मध्ये त्यास कुलचिन्ह मिळाले. सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा व त्यावर भाला, वर भाला धरलेला ससाणा. ‘हक्काविना नव्हे’ अशा अर्थाचे फ्रेंच ब्रीद. शेक्सपिअर या नावातील ‘स्पिअर’ म्हणजे भाला. नावावर अशी कोटी करणाऱ्या चिन्हांना नामसूचक चिन्हे म्हणतात. कॅस्टील राज्याचा किल्ला व लेऑन राज्याचा सिंह ही याच जातीची उदाहरणे होत. १६०२ मध्ये राल्फ ब्रूक या हेरल्डने, हलक्या लोकांना चिन्हे वाटली जातात अशी तक्रार करताना शेक्सपिअरचा ‘नट’ असा उल्लेख केला.

नामसूचक चिन्हांमुळे ‘ढाल आडनावाचीच असते’ या समजुतीस बळ मिळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. नावावरून चित्र सुचले तरी सनद होती जॉन व त्याच्या वंशजांना. नाटककाराचा एकुलता मुलगा हॅम्नेट १५९६ मध्येच बालवयात वारला होता. इतर भावांचाही औरस पुरुषवंश चालला नाही. त्यामुळे १६१६ मध्ये विल्यमच्या मृत्यूने जॉनचा पुरुषवंश संपला. आज शेक्सपिअर आडनावाचे लोक आहेत. परंतु त्या ढालीवर हक्क सांगू शकेल असा त्यांच्यात कोणी नाही. आडनाव उरले, ढालीचा वारस उरला नाही.

हा हक्क केवळ शोभेचा नाही, हे विसाव्या शतकातही दिसून आले. मँचेस्टर महापालिकेचे चिन्ह एका नाट्यगृह कंपनीने वापरल्यावरून १९५४ मध्ये शौर्यविषयक न्यायालय १७३७ नंतर प्रथमच भरले व निकाल महापालिकेच्या बाजूने लागला.

नाव आणि चिन्ह यांची कायदेशीर सांगड

नाव व चिन्ह एकत्र आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. पुत्र नसलेले जमीनदार मृत्युपत्रात अट घालीत की मिळकत घेणाऱ्याने आमचे नाव व चिन्ह धारण करावे. आपल्याकडील दत्तकविधानाशी या प्रथेचे साम्य आहे. सर ह्यू स्मिथसन याची पत्नी पर्सी या प्राचीन घराण्याची वारस होती. पार्लमेंटच्या कायद्याने १७५० मध्ये स्मिथसनने पर्सी हे नाव व पर्सींचे चिन्ह घेतले. पुढे १७६६ मध्ये तो नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला.

याच ह्यूचा एक अनौरस पुत्र होता. त्यास ना पर्सी नाव मिळाले, ना चिन्ह. आईच्या मृत्यूनंतर त्याने बापाचे मूळ आडनाव घेतले. जेम्स स्मिथसन हे त्याचे नाव. १८२९ मध्ये वारलेल्या या शास्त्रज्ञाच्या संपत्तीतून १८४६ मध्ये वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. रक्ताचे नाते नसलेल्या पित्यास नाव व ढाल कायद्याने मिळाली, आणि रक्ताचा पुत्र दोन्हींपासून दूर राहिला. नाव, रक्त व चिन्ह या तीन धाग्यांचा गुंता येथे स्पष्ट दिसतो.

इतर देशांतील प्रथा

स्कॉटलंडमध्ये १६७२ च्या कायद्याने सार्वजनिक नोंदवही अस्तित्वात आली. तेथे मूळ ढाल एका वेळी एकाच व्यक्तीची असते. धाकट्या मुलांनी भेदचिन्ह लावून स्वतंत्र नोंद करावी लागते. टोळीतील सामान्य सदस्य प्रमुखाचा तुरा पट्टा व बक्कल यांच्या वर्तुळात घालून वापरतो. हे चिन्ह माझे नसून मी ज्याचा अनुयायी आहे त्याचे आहे, असा त्याचा अर्थ.

पोलंडमध्ये याच्या अगदी उलट प्रकार दिसतो. तेथे एकच चिन्ह भिन्न आडनावांच्या, परस्परांशी नाते नसलेल्या अनेक उमराव घराण्यांचे असे. १४१३ च्या होरोद्वो येथील करारान्वये ४७ लिथुआनियन घराण्यांना पोलिश घराण्यांनी आपल्या चिन्हांत सामावून घेतले. दोन्ही देशांचे नियम भिन्न आहेत, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. आडनाव सारखे म्हणून चिन्ह सारखे, असे दोघेही मानत नाहीत.

गैरसमज कसा रूढ झाला?

मग ‘आडनावाचे चिन्ह’ ही कल्पना आली कोठून? तीन कारणे संभवतात.

पहिले कारण कर. १७९८ मध्ये ब्रिटनमध्ये कुलचिन्हांच्या वापरावर कर बसला व तो १९४४ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत चालू राहिला. हक्क आहे की नाही हे न पाहता, बग्गीवर किंवा चांदीच्या भांड्यांवर चिन्ह दिसले की कर घेतला जाई. कर भरला म्हणजे हक्क मिळाला, असे अनेकांना वाटू लागल्यास नवल नाही.

दुसरे कारण संदर्भग्रंथांची मांडणी. जॉन बर्क व त्यांचे पुत्र बर्नार्ड यांनी १८४२ मध्ये कुलचिन्हांचा मोठा कोश प्रसिद्ध केला. १८८४ च्या आवृत्तीत सुमारे ६०,००० चिन्हांची वर्णने आहेत. कोश आडनावांच्या वर्णानुक्रमे लावला आहे. शोधणाऱ्याची सोय म्हणून केलेली ही मांडणी पुढे हक्काचा आधार ठरली. वास्तविक ‘स्मिथ’ या एका आडनावाखाली त्यात कितीतरी वेगवेगळी चिन्हे आहेत. ती प्रत्येक एका वेगळ्या स्मिथची. दुकानदार त्यांतील एक उचलतो व सर्व स्मिथांना विकतो.

तिसरे कारण स्थलांतर. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे गेलेल्या लोकांच्या नातवंडांकडे मूळ गावाची आठवण, कागदपत्रे किंवा भाषा उरली नव्हती. उरले होते ते आडनाव. त्या एका दुव्यावर भूतकाळ उभा करण्याची ओढ समजण्यासारखी आहे. या ओढीची चेष्टा करणे योग्य नव्हे. पण तिचा व्यापार झाला, हेही तितकेच खरे.

पोर्तुगाल व गोवा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोर्तुगालमध्ये राजा मानुएल पहिला याच्या कारकिर्दीत सोळाव्या शतकाच्या आरंभी कुलचिन्हांचे नियमन झाले. सिंत्रा येथील राजवाड्यात त्याने एक दालन सजविले असून त्याच्या छतावर ७२ उमराव घराण्यांच्या ढाली रंगविलेल्या आहेत. राजाच्या कृपेवर या ढाली किती अवलंबून होत्या, हे ताव्होरा घराण्याच्या कथेवरून कळते. या घराण्याचा मार्क्विस फ्रान्सिस्को दि आसिस १७५० ते १७५४ या काळात गोव्यात व्हाइसरॉय होता. पुढे राजावरील हल्ल्याच्या कटात गोवून १७५९ मध्ये त्यास व त्याच्या कुटुंबीयांस लिस्बनजवळ ठार करण्यात आले. ताव्होरा आडनावावर बंदी आली व त्यांची ढाल ठिकठिकाणाहून पुसून टाकण्यात आली. नाव व चिन्ह दोन्ही राजाज्ञेने दिली जात, तशी ती काढूनही घेतली जात.

सौझा हेही पोर्तुगालमधील मोठे घराणे. मार्तिम आफोन्सो दि सौझा हा १५४२ ते १५४५ या काळात पोर्तुगीज भारताचा गव्हर्नर होता. त्याच्याच ताफ्यातून फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आला. या घराण्याच्या दोन प्रमुख शाखांच्या ढाली एकसारख्या नाहीत, म्हणजे पोर्तुगालमध्येही ‘सौझांची ढाल’ असे एकवचनी बोलता येत नाही. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ आसिसीच्या चर्चमध्ये फरशीवर कुलचिन्हे कोरलेल्या अनेक पोर्तुगीज कबरशिळा आहेत. त्या ढाली त्या शिळांखाली चिरनिद्रा घेणाऱ्यांच्या व त्यांच्या वंशाच्या.

गोव्यातील ख्रिस्ती समाजात ही आडनावे आली ती निराळ्या वाटेने. सोळाव्या शतकापासून धर्मांतराच्या वेळी नवख्रिस्ती व्यक्तीस धर्मपित्याचे, धर्मगुरूचे किंवा एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचे आडनाव दिले जाई. एकाच कुटुंबातील माणसांना वेगवेगळी आडनावे मिळाली आणि नाते नसलेल्या कुटुंबांना एकच आडनाव मिळाले. येथे आडनाव हा वंशाचा पुरावा नसून एका समारंभाची खूण आहे. पुढील काळात काही गोमंतकीय घराण्यांना राजाज्ञेने पदव्या व चिन्हे मिळाली. परंतु तो हक्क त्या त्या घराण्यापुरता होता, समान आडनावाच्या सर्वांचा नव्हता.

मग अशा विद्यार्थ्याने आपला पूर्वेतिहास कोठे शोधावा? गोव्यात त्याची साधने आहेत. गावकरी, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतील कोमुनिदाद, ही पोर्तुगीजांच्या आधीपासूनची संस्था. तिचे रीतिरिवाज आफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये लेखनिविष्ट केले. गावकऱ्यांचे वांगड पुरुषवंशाने चालत आणि जोण हा उत्पन्नाचा वाटा वांगडाच्या सदस्यत्वावर मिळे. धर्म व आडनाव बदलले तरी हे सदस्यत्व वंशाने चालू राहिले. इंग्लंडच्या हेरल्डांनी पाहणीदौऱ्यांत जे शोधले, म्हणजे अखंड पुरुषवंशाचा नोंदलेला पुरावा, तो गोमंतकीय कुटुंबासाठी वांगडात व चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत सापडण्याचा संभव आहे. सिंहाच्या ढालीत तो नाही.

मुंबई : नाव घडविणारा कायदा

मुंबईत मात्र अस्सल सनदेने मिळालेले चिन्ह पाहावयास मिळते. सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांना १८४२ मध्ये नाइट व १८५७ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. त्यांच्या ढालीवर मुंबईजवळच्या सह्याद्रीच्या घाटांमागून उगवणारा सूर्य व वर उडणाऱ्या दोन मधमाश्या आहेत. तुऱ्यात गव्हाच्या पिकात उभा असलेला, चोचीत कणीस धरलेला मोर आहे. ‘उद्योग व औदार्य’ असे ब्रीद आहे. भाषा युरोपीय, पण डोंगर आपले, अशी ही ढाल.

अडचण आली ती नावाची. पारशी प्रथेनुसार जमशेटजी हे स्वतःचे व जीजीभाई हे वडिलांचे नाव. मुलाचे नाव साहजिकच निराळे होणार. किताब वंशपरंपरागत, पण नाव पिढीगणिक बदलणारे. यावर उपाय म्हणून १८६० मध्ये विशेष कायदा करण्यात आला. त्यानुसार किताब धारण करणाऱ्या प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव घ्यावयाचे होते. येथे आडनावामागून चिन्ह आले नाही. किताब व चिन्ह आधी आले, आणि त्यांना शोभेल असे स्थिर नाव कायद्याने घडविले गेले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. कुलचिन्हांचा वारसा वंशपरंपरागत आडनावे स्थिर होण्याआधीच सुरू झाला होता. त्यामुळे चिन्ह हे मूलतः आडनावाचे असू शकत नाही.
२. चिन्हावरील हक्क वापर, वंश व सनद यांनी सिद्ध होत असे. स्क्रूप-ग्रोव्हनर खटला व शेक्सपिअरचे उदाहरण यांवरून हे स्पष्ट होते.
३. नाव व चिन्ह यांची सांगड जेथे पडली तेथे ती कायद्याने किंवा राजाज्ञेने पडली. पर्सी, ताव्होरा व जीजीभाई ही तिची तीन भिन्न रूपे होत.
४. ‘आडनावाचे चिन्ह’ ही समजूत कर, कोशांची मांडणी व स्थलांतरितांची ओढ यांतून रूढ झाली.
५. गोव्यातील पोर्तुगीज आडनावे वंशदर्शक नसल्याने तेथे ही समजूत विशेष दिशाभूल करणारी ठरते.

त्या विद्यार्थ्यास आज उत्तर द्यावयाचे तर एवढेच म्हणता येईल. ते चित्र सुंदर आहे, भिंतीवर खुशाल लावावे. पण ती ढाल ज्यांची होती ते त्याचे पूर्वज नव्हेत, आणि त्याचे जे पूर्वज होते त्यांना अशा ढालीची कधी गरज पडली नव्हती. त्यांची नावे गावाच्या वहीत, वांगडाच्या यादीत आहेत. जुने कागद दरवर्षी थोडे थोडे जीर्ण होत असताना तिकडे वळणे अधिक निकडीचे आहे.